धाकट्याला मरू द्या, मॅडम

"धाकट्याला आता मरू द्या, मॅडम," संपादिका फोनवर म्हणाली आणि स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला.

फोन स्पीकरवर होता. माझ्या उजव्या कानाला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी फोन टेबलावर ठेवूनच बोलते. तुमच्याशीही तशीच बोलते, मुलांनो. विळीवर गिलकी चिरत बसली होती तुमची काकूआजी, म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी घाईघाईने स्पीकर बंद करायला गेले, पण बोट भलतीकडेच पडलं आणि पुढचं वाक्यही स्वच्छ बाहेर आलं.

"तो मेल्याशिवाय त्याची बायको जगतच नाहीये."

मी "नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. स्वयंपाकघरात विळी बाजूला सरकली. मग तिथूनच प्रश्न आला, "भाभी, कोणाला मारायचं म्हणते ती?"

"गोष्टीतला आहे," मी म्हणाले.

"गोष्टीतला धाकटा," ती म्हणाली, आणि विळी पुन्हा सुरू झाली.

मुलांनो, तुम्ही दूर वाढलात, म्हणून हे नीट क्रमाने सांगते. तुमच्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता. 'होता' लिहिताना आजही माझा हात अडखळतो. तो केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. तुमचे बाबा कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. तो केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला निघाला. ट्रक माल उतरवून परत आला, तो आला नाही. ड्रायव्हर म्हणाला, मथुरेच्या पुढे चहाला उतरले, मी वाट पाहिली, आलेच नाहीत. घरात भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला, आजोबा स्वतः दोनदा जाऊन आले. काही हाती लागलं नाही. सात वर्षं उलटल्यावर कायद्याने पुढे काय करता येतं हे आजोबांना ठाऊक होतं, पण त्यांनी तसा एकही कागद कधी पुढे सरकवला नाही.

तेव्हापासून काकूआजी आमच्याकडे, आपल्या गावातल्या लालबागेत राहते. मुलीचं लग्न तिने इथूनच केलं. ती रोज टिकली लावते, काळी पोत घालते, आणि श्रावणात गल्लीतल्या बायका तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावतात. सगळ्या नाही. एकदा एका घरी तिला कुंकू लावताना त्या बाईचा हात कपाळाजवळ जाऊन क्षणभर थांबला होता. मी शेजारीच बसले होते. मी ते पाहिलं आणि तिनेही पाहिलं.

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मराठीत कादंबरी लिहायला बसले. ती तापीकाठच्या एका केळीवाल्या कुटुंबाची, घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाची आणि त्याच्या बायकोची होती. नावं, गाव, घर सगळं बदललं होतं. पण बदललेल्या नावांना आपल्याकडे कोणी फसत नाही.

लिहून झाल्यावर मला कळेना की हे पुस्तक आहे की नुसती पानं. एका ओळखीतून नाशिकची ही संपादिका मिळाली. कुठल्या प्रकाशनात नोकरी करत नाही, घरी बसून लोकांची हस्तलिखितं सुधारून देते. वयाने तुमच्या आईएवढी. तिची एक पद्धत होती. जिथे मी काही लिहायचं टाळलं आहे असं तिला वाटे, तिथे ती फाइलमध्ये पिवळा रंग लावी आणि बाजूला लिही, 'इथून पळालात.' एवढंच. पहिली फाइल परत आली तेव्हा ती शेतातल्या मोहरीसारखी पिवळी होती. मी आयुष्यभर लाल पेन चालवलेली बाई, मला राग आला. मग एकेक पिवळी जागा वाचत गेले. धाकट्याची बायको दारात उभी राहिली की मी प्रत्येक वेळी आभाळाचं वर्णन केलं होतं.

"बाई दारात उभी आणि तुम्ही ढगांकडे बघताय," संपादिका म्हणाली. "दोनशे पानं तिला उभी ठेवलीत. एकतर तो येऊ दे, नाहीतर बातमी येऊ दे."

मी त्याला आणून पाहिला. परत आलेला धाकटा माझ्या पानावर पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला, पाणी प्यायला आणि काही बोलेचना. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. म्हणून ती म्हणाली, मरू द्या.

मला भीती वाटू लागली ती तेव्हापासून. तुम्ही हसाल. मीही तुमच्या वयाची असताना हसत असे. पण आपल्या घरात कुंकू संपलं असं म्हणत नाहीत, कुंकू वाढलं म्हणतात. दिवा विझला म्हणत नाहीत. संध्याकाळच्या वेळी अभद्र बोललं की सासूबाई म्हणायच्या, वास्तू 'तथास्तु' म्हणत असते. असल्या घरात बसून, असल्या भाषेत, मी माझ्या दिराचं मरण लिहायचं. आणि लिहिल्यावर ते छापायचं. लालबागेतल्या बायका कादंबरी वाचणार नाहीत, पण त्यात काय आहे ते सगळ्यांना कळेल. 'घरच्यांनीच लिहिलंय म्हणजे त्यांना बातमी असणार,' असं एक जण म्हणाली की पुरे. पुढच्या श्रावणात काकूआजीच्या कपाळाशी कोणाचाच हात जाणार नाही.

आजोबांना मी हे सांगितलं. ते पेपर वाचत होते. "इतकी वर्षं तुझ्यासोबत आहे," ते म्हणाले, "मला कधी मारलं नाहीस पुस्तकात."

"तुमच्यावर लिहिलेलं कोण वाचेल?"

"बघ, म्हणजे माणूस हरवला तरच त्याची किंमत," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले.

शेवटी मी ते प्रकरण लिहिलं. सकाळच्या वेळी, आंघोळ करून, देवाला हात जोडून. शिकलेल्या बाईने जे करू नये ते सगळं करून. मथुरेच्या पुढे एका धर्मशाळेच्या ओसरीत तापाने तो एकटा जातो आणि बऱ्याच काळाने घरी फोन येतो. लिहिताना बाहेर फाटकाची कडी वाजली की मी उठून बघून यायचे. एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला, तो मी देवाकडे बघूनच उचलला. पलीकडून एक मुलगी मला क्रेडिट कार्ड घ्या म्हणत होती.

संपादिकेला प्रकरण आवडलं. "एकटेपणा फार छान उतरलाय," ती म्हणाली. "फक्त पुढचे विधी तपासून घ्या. देह नाही, बातमी उशिरा, अशा वेळी काय करतात? ते चुकलं तर जुना वाचक पुस्तक मिटतो."

ही सूचना रास्त होती आणि मी व्यवस्थित काम करणारी बाई आहे. मी तुकईथडला, सासरच्या मूळ गावी, आमच्या कुळाच्या गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, माणूस लांब वारला, देह मिळाला नाही, बातमी फार उशिरा आली, तर काय करतात?"

गुरुजींनी विचारलं, "कोणाबद्दल विचारता, वहिनी?"

"कोणाबद्दल नाही. मी एक गोष्ट लिहिते आहे, तिच्यासाठी."

"हौ, हौ. समजलो," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, आणि ज्या दिवशी कानावर येतं त्या दिवसापासून भाऊबंदांना सुतक धरावं लागतं. शेवटी त्यांनी विचारलं, "घरात सगळे सांभाळून आहेत ना?"

"हो, छान आहेत," मी म्हणाले. किती सुसंस्कृत माणूस, असं मनात आलं.

आमच्याकडे मरणाची बातमी कोणी सरळ सांगत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. 'तब्येत जरा जास्त आहे, निघा,' असा निरोप आला की माणसं रिकाम्या हाती निघतात, कारण सगळं झालेलं असतं. तोंडाने भलतंच काही बोलायचं आणि ऐकणाऱ्याने खरं ते ओळखायचं. मी गुरुजींना खरं तेच सांगितलं होतं. पण जिच्या घरचा माणूस बेपत्ता आहे अशा बाईने 'गोष्टीसाठी विचारते' म्हटल्यावर गुरुजींनी जे ओळखायचं ते ओळखलं. आणि सुतक भाऊबंदांना लागू होतं, म्हणून ते भाऊबंदांना कळवणं हे त्यांचं कर्तव्यच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास गल्लीच्या वळणावर एक जीप थांबली. मला आधी जीपचा आवाज आला, मग रडण्याचा. खेड्याकडच्या बायका घरात येऊन रडत नाहीत, वळणापासूनच सूर धरतात, म्हणजे घराला कळावं. "कसा गेला रे माझ्या राजा, शेवटचं तोंड नाही दाखवलं रे..." सर्वांत पुढे तुकईथडच्या काकू, माझ्या सासऱ्यांच्या चुलतभावाची बायको. मागे आणखी बायका, त्यांच्या मागे टोप्या घातलेले पुरुष, खाली मान घालून.

मी दारात उभी होते. खरं सांगते, त्या क्षणी मला गुरुजी आठवले नाहीत. मला एवढंच वाटलं की मी लिहिलं आणि ते झालं.  मी चौकटीला धरलं.

आजोबा न्हाणीघरातून टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "काय झालं? कोण गेलं?"

त्यांना पाहून काकूंनी सूर आणखी चढवला. "माय वो! भाऊलाच अजून सांगितलं नाही का वो!"

आणि मग मला ती दिसली. काकूआजी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती किंचाळली नाही. तिने आत वळून गॅस बंद केला, भाजीवर झाकण ठेवलं, हात पुसले. बाहेर आली, डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली. एखाद्या लांबच्या प्रवासाहून आल्यावर बसतात तशी.

"कुठे सापडले?" तिने काकूंना विचारलं.

इतक्या शांत आवाजात तिला बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. तिचे खांदे खाली आले होते. इतकी वर्षं ते वरच होते, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. मी तिच्यासाठी ज्या गोष्टीला इतके दिवस भीत होते, ती आली असं समजून ती बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आता तोंड उघडायचं होतं ते मला. मुलांनो, कोणाच्या जिवंत असण्याची बातमी सांगताना इतकी भीती वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"काकू, रडू नका," मी म्हणाले. "कोणी गेलं नाही. कसली बातमी आली नाही. मी गोष्ट लिहिते आहे, तिच्यासाठी गुरुजींना विचारलं होतं."

रडणं एकदम थांबलं. काकूंनी पदराने नाक पुसलं. "गोष्ट?"

"हो."

"गुरुजी म्हणाले, वहिनी सारखं गोष्ट गोष्ट म्हणतात. आता गोष्ट म्हणजे काय, हे का आम्हाला समजत नाही?"

"पण खरंच गोष्ट आहे, काकू."

"आम्ही रांधलेलं फेकलं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज हळूहळू चढत होता. "भरलेली पाण्याची भांडी ओतली. पोरासोरांना डोक्यावरून आंघोळी घातल्या. जीपवाल्याला केळीच्या कामावरून उठवून आणला. अन् तू म्हणते गोष्ट? शिकलेल्या बाईला दुसरा काही विषय नाही का भेटला? मारायचंच होतं तर दुसऱ्याच्या घरचा मारायचा!"

पुरुषांपैकी कोणीतरी खोकला. आजोबा टॉवेल सावरत आत गेले आणि शर्ट घालून येईपर्यंत सगळे नुसते उभे होते.

काकूआजी अजून भिंतीशीच बसलेली होती. "म्हणजे नाही सापडले," ती म्हणाली.

 ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. तिचे खांदे पुन्हा होते तिथे गेले होते.

मंडळी चहा घेऊन, पोहे खाऊन, मला आणखी बोलून, शेवटी हसूनसुद्धा गेली. काकूंनी जाताना काकूआजीच्या कपाळाला मुद्दाम, मोठ्ठं कुंकू लावलं. "तू मनावर घेऊ नको, पोरी," म्हणाल्या. "त्याला शंभर वर्षं आयुष्य भेटलं."

संध्याकाळी आम्ही दोघी ओट्याशी होतो. ती कप धूत होती, मी पुसत होते. ती रागावेल, रडेल, मुलीकडे निघून जाईल, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं होतं. पुस्तक बंद करते, असं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच विचारलं.

"भाभी, तुमच्या पुस्तकात ते कुठे जातात?"

"मथुरेच्या पुढे. एका धर्मशाळेच्या ओसरीत. ताप असतो."

"जवळ कोण असतं?"

"कोणी नाही."

"का?"

 एकटेपणा छान उतरला आहे, असं तिला कसं सांगणार?

तिने कप पालथा घातला. "कोणाला तरी ठेवा," ती म्हणाली. "पाणी द्यायला." नळ थोडा वेळ नुसताच वाहत राहिला. मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाई असली तरी चालेल."

मी त्या ओसरीत एक बाई आणली. कोण, कुठली, काही सांगितलं नाही. ती त्याला पाणी देते आणि कपाळावर ओलं फडकं ठेवते.

संपादिकेला ती पटली नाही. "ही कोण? आधी नाही, नंतर नाही. त्याचं एकटेपण बिघडवते. काढा हिला."

तोवर मी तिचं सगळं ऐकलं होतं. या वेळी म्हणाले, "ती राहील."

"वाचक विचारेल, मॅडम."

"विचारू दे."

संपादिका म्हणाली, "मग तिला निदान एक वाक्य द्या. नुसती बाहुलीसारखी बसलीय."

त्या वाक्यासाठी मी बरेच दिवस बसले. मरणाऱ्या परक्या माणसाला एक साधी बाई काय विचारेल? ती विचारेल, 'घरी कळवू का?' हे लिहिलं आणि मी पुन्हा घाबरले, कारण आता त्याला उत्तर द्यावं लागणार होतं. तो नाही म्हणाला, तर त्याने बायकोला जाणूनबुजून टाकलं. तो हो म्हणाला, तर माझ्या पुस्तकात फोन येतो ते ठीक, पण आमच्या घरी का आला नाही, हे काकूआजी मला विचारणार. मला आता काल्पनिक माणसाचं उत्तर खऱ्या बाईसमोर वाचून दाखवायचं होतं.

मी त्याला हो म्हणायला लावलं. तो पत्ता सांगू लागतो. गाव सांगतो, पेठ सांगतो, पण तापाच्या ग्लानीत गल्लीचं नाव त्याला आठवत नाही. बाई पुन्हा पुन्हा विचारते. तो म्हणतो, थांबा, सांगतो. आणि तिथेच सगळं थांबतं. घरी फोन येतो ते प्रकरण मी काढून टाकलं. पळसाचा पुतळाही गेला. ज्या विधींसाठी एवढं रामायण झालं, ते पुस्तकात नाहीतच.

"म्हणजे वाचकाला कळतं, आणि त्याच्या बायकोला कधीच कळत नाही," संपादिका म्हणाली.  "भयंकर आहे, मॅडम. असंच राहू द्या."

फाइल छपाईला पाठवण्याआधी मी ते प्रकरण काकूआजीला वाचून दाखवलं. दुपारी, मागच्या खोलीत. आजोबा झोपले होते. ती खाली बसून तांदूळ निवडत होती. मी शेवटपर्यंत तिच्याकडे बघितलं नाही; बघितलं असतं तर वाचता आलं नसतं. धर्मशाळा झाली, ताप झाला, पाणी झालं. ती बाई विचारते, घरी कळवू का? तो हो म्हणतो. त्याला गल्ली आठवत नाही.

वाचून झालं.  ताटातल्या तांदळाचा आवाज येत नव्हता.

"त्यांना कधी पत्ता सांगताच आला नाही," ती म्हणाली. मी मान वर केली तर ती चक्क हसत होती. "मला बघायला आले तेव्हा माझ्या माहेरी, फोपनारला, दुसऱ्याच घरी जाऊन बसले होते, ठाऊक आहे ना, भाभी? तिथे पोहेसुद्धा खाल्ले."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. मीही होते त्या घरात, पोहे मीही खाल्ले होते.

ती हसता हसता थांबली. तिने डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग ताट जवळ ओढलं आणि खडे वेचू लागली.

मी तिथेच बसून राहिले, हातात पानं घेऊन. तिने ऐकली ती गोष्ट होती की बातमी, हे मला कळलं नाही. विचारायचं धाडस तेव्हा झालं नाही. पुस्तक आता छपाईला गेलं आहे, आणि ते धाडस अजूनही झालेलं नाही.